प्रस्तावना : विसाव्या भिक्षूचे बारा कार्षापण

इंग्लंडातल्या मठांमधल्या खुनांच्या गोष्टी नाशिकच्या माणसाने लिहिल्यात, आणि त्याही हसवणाऱ्या, हे कळलं तेव्हा मी त्याला विचारलं, 'आपल्याकडे साधू कमी पडले का?' दर बारा वर्षांनी सिंहस्थात या गावात आखाड्यांचे तंबू पडतात. आधी कोणी बुडी मारायची आणि मग कोणी, यावरून पेशवाईत इथे जे वाद पेटले, ते निवाड्यापर्यंत गेले. म्हणून आजही वैष्णव रामकुंडावर आणि शैव त्र्यंबकला कुशावर्तावर स्नान करतात. रोज सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, फिरायला जाणाऱ्या माणसाला हे सगळं सोडून बाराव्या शतकातल्या श्रूजबरीला कशाला जावंसं वाटलं? लेखक माझा जुना मित्र. त्याने उत्तर दिलं नाही. हस्तलिखिताचा गठ्ठा पुढे सरकवला आणि म्हणाला, 'वाच, आणि प्रस्तावनेत तूच सांग.'

अडचण आणखी एक होती. मठ म्हणजे विद्वानांची वस्ती, आणि नाशकात 'विद्वान' आणि 'खून' हे शब्द शेजारी आले की 21 डिसेंबर 1909 ची रात्र आठवते. विजयानंद नाट्यगृह, 'शारदा'चा प्रयोग, आणि अनंत कान्हेरे यांच्या गोळ्यांनी पडलेला कलेक्टर जॅक्सन. जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता, लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. पण तिथे गूढ असं काहीच नव्हतं. मारणारा जागीच पकडला गेला आणि 19 एप्रिल 1910 ला ठाण्यात फासावर गेला. तो प्रसंग हसण्याचा नाही. खुनावर हसायचं तर मधे काळ भरपूर जावा लागतो. आठ-नऊशे वर्षं मिळाली तर उत्तम.

इंग्रजीत मठातल्या खुनांच्या गोष्टींची लागवड केली ती एडिथ पार्जिटर या बाईंनी. एलिस पीटर्स या टोपणनावाने त्यांनी 1977 साली ब्रदर कॅडफेलची पहिली कादंबरी लिहिली. पुढे एकूण 20 झाल्या. कॅडफेल मूळचा वेल्सचा. तरुणपणी धर्मयुद्धात लढलेला, समुद्रावर भटकलेला, आणि आता श्रूजबरीच्या बेनेडिक्ट पंथाच्या मठात औषधी वनस्पतींचा मळा सांभाळणारा. पार्जिटरबाई स्वतः उमेदीच्या काळात औषधांच्या दुकानात कामाला होत्या. त्यामुळे कुठलं मूळ किती उगाळलं तर औषध आणि किती उगाळलं तर विष, याचा हिशेब त्यांना पक्का ठाऊक. जाता जाता सांगतो, कॅडफेल सुचण्यापूर्वी, 1969 आणि 1972 साली, त्यांनी भारतात घडणाऱ्या दोन रहस्यकादंबऱ्याही लिहिल्या होत्या. म्हणजे आपल्याकडचा धूळपाऊस पाहून मगच बाई मठात गेल्या.

त्या पहिल्या कादंबरीचं बीज खरं आहे. 1138 साली श्रूजबरीच्या साधूंनी वेल्समधल्या एका खेड्यातून संत विनिफ्रेडच्या अस्थी आपल्या मठात आणल्या. मठात संताच्या अस्थी असल्या की यात्रेकरू येतात, आणि यात्रेकरू आले की पेटीत नाणी पडतात. खेडेगावातल्या लोकांना मात्र आपली विनिफ्रेड परक्यांच्या हवाली करायची नाही. विजयनगरहून विठोबा परत आणणाऱ्या भानुदासांची कथा ज्याने कीर्तनात ऐकली आहे, त्याला या भांडणाचं मर्म समजावून सांगावं लागत नाही.

पुढे या वाटेने बरेच जण गेले. सुझाना ग्रेगरी यांनी 1348 च्या प्लेगमधलं केंब्रिज घेतलं. तिथे शवं तपासणारा वैद्य आणि त्याच्या जोडीला जेवणावर आडवा हात मारणारा ब्रदर मायकेल. हॉवर्ड ऑफ वॉरविक असं टोपणनाव घेणाऱ्या लेखकाने तर सरळ फार्सच मांडला. त्याच्या ब्रदर हर्मिटेजला राजा विल्यम तपासाच्या कामावर नेमतो, आणि या बिचाऱ्याला तपास म्हणजे काय तेच माहीत नसतं. सोबतीला वॉट नावाचा विणकर. हा विणकर ध्यानात ठेवा, त्याच्याशी आपल्याला पुढे काम आहे. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर उंबेर्तो एको यांची 1980 ची 'द नेम ऑफ द रोझ'. ती घडते इटलीतल्या मठात, पण शोध घेणारा साधू इंग्लंडचा. तिथली हत्या कशापायी होते ते सांगून मी कोणाची मजा घालवणार नाही. मठातल्या माणसाने हसावं की नाही, या वादाशी त्याचा संबंध आहे, एवढंच.

आता मूळ प्रश्न. खुनाच्या विनोदी गोष्टीला मठच का लागतो?

माझं उत्तर असं, की मठात सगळं मोजलेलं असतं. ज्यांनी सर्वस्व सोडलं त्यांच्याइतकी मोजदाद कोणी करत नाही. संसारी माणसाच्या घरात सदरे किती, सुऱ्या किती, कोणी सांगावं? मठात ते लिहून ठेवलेलं असतं. संत बेनेडिक्टची सहाव्या शतकातली नियमावली 73 प्रकरणांची आहे. तिच्या 55 व्या प्रकरणात साधूला काय काय मिळावं याची यादी येते : झगा, अंगरखा, पायमोजे, जोडे, कमरपट्टा, सुरी, लिहिण्याची सळई, सुई, रुमाल आणि लिहिण्याच्या पाट्या. यादी पुन्हा वाचा. पट्ट्यानंतर आणि सळईच्या आधी सुरी आहे. म्हणजे मठातल्या प्रत्येक संशयिताला हत्यार नियमानेच पुरवलेलं! त्यातच मठाधिपतीने साधूंची अंथरुणं वरचेवर उलटून पाहावीत, कोणी खाजगी चीजवस्तू दडवली असेल तर सापडावी, अशीही आज्ञा. आणि झोपण्याविषयीच्या 22 व्या प्रकरणात म्हटलंय, की झोपताना कमरेची सुरी काढून ठेवावी, नाहीतर झोपेत लागेल. हे वाचून मी एकटाच खो खो हसलो. ज्या महापुरुषाने हा नियम केला, त्याच्यासमोर कधीतरी कोणीतरी पहाटे कुशीवर हात धरून विव्हळत उभा राहिला असणार. नियम वाचायचा तो असा. प्रत्येक नियमामागे एक घडलेली भानगड असते.

मठाबाहेरचा कायदाही मोजण्यात मागे नव्हता. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड घेतलं आणि लवकरच नियम आला, की मुलखात अनोळखी प्रेत सापडलं तर तो मनुष्य नॉर्मन धरायचा, आणि मारेकरी हाती लागला नाही तर त्या भागातल्या लोकांनी मिळून दंड भरायचा. दंड चुकवायचा तर मेलेला इंग्रजच होता हे सिद्ध करा. हा नियम 1340 पर्यंत टिकला. पहाटे बांधावर प्रेत दिसलं की गावकऱ्यांच्या मनात पहिली कल्पना कुठली येत असेल, हे आपल्या वाचकाला कशाला सांगायला हवं? 'आमच्या हद्दीत येत नाही' हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा माणूस महाराष्ट्रात विरळा. 1194 साली अकस्मात मृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनर नेमला गेला. तोही न्यायापेक्षा राजाच्या तिजोरीची काळजी अधिक वाहायचा. ज्या वस्तूने माणूस मेला ती राजाच्या मालकीची होई, म्हणून तो आधी सुरीची किंमत लिहून घेई. गाडीखाली मेला तर गाडीची. अंगावर डुक्कर धावून मेला तर डुकराची.

विद्वानांची तर चंगळच. धर्मपीठाच्या माणसाला राजाच्या न्यायालयात फाशी होत नसे, आणि धर्मपीठाचा माणूस ओळखायचा कसा, तर ज्याला वाचता येतं तो. पुढे पुढे ही परीक्षा बायबलातल्या 51 व्या स्तोत्राच्या एका चरणावर येऊन थांबली. तो चरण वाचून दाखवला की मान सुटली. मग काय, अक्षरशत्रू दरोडेखोरही तेवढा चरण पाठ करून येऊ लागले. घोकंपट्टीने जीव वाचल्याचं जगात दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. परीक्षांच्या दिवसांत आपल्या पोरांना ते सांगू नये.

ऑक्सफर्डचे विद्यार्थी तर याहून पुढचे. 10 फेब्रुवारी 1355 ला दोघा विद्यार्थ्यांनी गुत्त्यात वाईट दारूबद्दल तक्रार केली. मालकाने उलट उत्तर दिलं, आणि त्यांनी ती दारू त्याच्या तोंडावर फेकली. त्यातून गाव विरुद्ध विद्यापीठ अशी लढाई तीन दिवस चालली. विद्यापीठाची 63 माणसं मेल्याचं सांगतात. शिक्षा काय, तर नगराध्यक्षाने दर वर्षी त्या दिवशी चर्चमध्ये येऊन डोक्यामागे एक याप्रमाणे 63 पेन्या भरायच्या. हे 1825 पर्यंत चाललं. पुन्हा मोजणीच.

आता नाशकाकडे वळतो, पण वाटेत कांचीला थांबून. सातव्या शतकाच्या सुरुवातीला पल्लव राजा महेंद्रवर्मा याने 'मत्तविलास' नावाचं प्रहसन लिहिलं. सत्यसोम नावाचा कापालिक मद्याच्या धुंदीत आपलं कवटीचं भिक्षापात्र हरवून बसतो. त्या पात्रात भाजलेलं मांस होतं. यावरून तो अनुमान काढतो : चोर एकतर कुत्रा असेल, नाहीतर बौद्ध भिक्षू. मग नागसेन नावाचा भिक्षू सापडतो, चीवराखाली काहीतरी लपवून चाललेला. झडती, उलटतपासणी, मध्यस्थीला पाशुपत पंथाचा एक साधू. शेवटी पात्र एका वेड्याकडे निघतं आणि त्याने ते आणलेलं असतं खरोखरच कुत्र्याकडून. म्हणजे चोरी, संशयित, पुरावा, चुकीचा निष्कर्ष, उकल, सगळं आहे, आणि वेडा सोडला तर सगळी पात्रं संन्यासी. त्यातही हा नागसेन मनाशी म्हणतो, की बुद्धाने मद्य आणि स्त्रिया यांना मोकळीक दिलीच असणार. म्हाताऱ्या थेरांनी तरुणांच्या मत्सरापोटी मूळ ग्रंथातून तेवढा भाग गाळला. तो अस्सल पाठ कुठे मिळेल? मठातला दडवलेला ग्रंथ शोधणारा भिक्षू एकोच्या तेराशे वर्षं आधी रंगमंचावर येऊन गेला होता, आणि प्रेक्षक हसले होते.

भिक्षूंची स्वतःची नियमावली, म्हणजे विनयपिटक, तीही बेनेडिक्टच्या यादीसारखीच वाचावी. तिथे प्रत्येक नियमाआधी तो कुठल्या प्रसंगातून आला ते सांगितलं आहे. षड्वर्गीय नावाचं सहा भिक्षूंचं टोळकं तर नियमातली पळवाट शोधण्यासाठीच जन्माला आलेलं. मनुष्यवध हा संघातून कायमचं बाहेर काढणारा तिसरा अपराध. त्याखाली प्रकरणांमागून प्रकरणं येतात आणि प्रत्येकात एकच विचारणा असते : मनात काय होतं? एक भिक्षू आसनावर बसतो. वर पसरलेल्या फडक्याखाली लहान मूल असतं, ते मरतं. निवाडा होतो, की हा तो अपराध नव्हे, पण यापुढे आसन पाहिल्याशिवाय बसू नये. हसू आणि काटा एकदम येतो. चांगल्या मठकथेत हेच व्हायला हवं. भिक्षूच्या अष्टपरिष्कारांतही, तीन चीवरं, पात्र, कमरपट्टा, सुई आणि पाणी गाळायच्या फडक्याबरोबर, वस्तरा आहेच. इथेही हत्यार नियमाने पुरवलेलं.

मोजणीबरोबर साक्षीही हव्यात, आणि त्या बाबतीत मराठीने कोणाकडे बघायची गरज नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या तपास अधिकाऱ्याच्या चिकाटीने. कोण कुठे बसलं होतं, कोण काय खात होतं, हे ज्याने पाहिलं त्याला विचारून. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही नोंदवून. पुढे चक्रधरांच्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद केले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे आणि भावे यांच्यासारख्या संशोधकांनी ती कुलुपं उघडली. आपल्या रहस्यकथांनी मात्र हा वारसा उचलला नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांनी दोन-तीन पिढ्यांना भाड्याच्या वाचनालयांत रांगेत उभं केलं, त्यात मीही होतो. पण ते सगळे मोटारीतून फिरणारे, मुंबईचे. शास्त्रीबुवा हेर झाले नाहीत. भिक्षू तर नाहीच.

मित्राने ही उणीव भलत्याच मार्गाने भरून काढली आहे. त्याचे साधू इंग्लंडचे, पण भाषा पंचवटीची. मठाच्या कोठाराची किल्ली ज्याच्याकडे असते त्याला तो 'कोठारी' म्हणतो, कारण आखाड्यात तोच शब्द आहे. दुय्यम मठांवर बसवलेला माणूस 'थानापती'. तळटीप नाही, खुलासा नाही. पहिल्या दोन पानांत मला ते खटकलं. तिसऱ्या पानावर कोठारीबुवा मधाच्या बुधल्या मोजताना मेलेला आढळतो आणि सहायक आधी बुधल्या पुन्हा मोजतो, तेव्हा खटकणं थांबलं. एक तक्रार मात्र नोंदवतो. शेवटच्या कथेत उकल फार लवकर कळते. त्याला सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे. नाशकाहून श्रूजबरी गाठण्याची गरज नव्हती. पांडवलेण्याला जायचं होतं. मुंबई-आग्रा रस्ता, पायथ्याला फाळके स्मारक, मग पायऱ्या. शाळेच्या सहलीत आपण सगळे ते चढलो, वरून गाव बघितलं, डबा खाल्ला आणि उतरलो. भिंतीवर काय लिहिलंय ते कोणी वाचून दाखवलं नाही. 10 क्रमांकाच्या लेण्यात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे 1,900 वर्षांपूर्वीचा. तो म्हणतो, हे लेणं संघाला दिलं, आणि सोबत 3,000 कार्षापण कायमचे ठेव म्हणून दिले. ते गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, गुंतवले : 2,000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि 1,000 दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, नुसतं व्याज खायचं. 2,000 च्या व्याजातून, लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण कापडासाठी. गुणाकार करून बघा. महिन्याला 20, वर्षाला 240. वीस भिक्षू गुणिले बारा, 240. एक नाणं इकडे नाही की तिकडे नाही. शिवाय हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि दफ्तरी नोंदवलं, असंही कोरून ठेवलेलं.

3 क्रमांकाचं लेणं तर सरकारी विनोदाचं आद्यपीठ. राजा गौतमीपुत्र सातकर्णी आपल्या राज्याच्या 18 व्या वर्षी भिक्षूंना 200 निवर्तनं शेत देतो, पूर्वी उषवदाताकडे असलेलं. 24 व्या वर्षी दुसरा हुकूम सुटतो : आधी दिलेल्या शेतात पेरणी होत नाही, आणि तिथल्या गावात वस्तीही नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरची 100 निवर्तनं द्यावीत. या सहा वर्षांत भिक्षूंनी किती खेटे घातले असतील! आणि शेवटी मिळालं निम्मं. नहपान आणि गौतमीपुत्र या दोन राजांच्या भांडणाची साक्ष नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 मध्ये जमिनीतून निघाली : नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने पुन्हा आपला ठसा मारलेला. कोणाच्या तोंडावळ्याचं नाणं कोणाच्या झोळीत सापडलं, एवढ्यावर माणूस अडकावा असा तो काळ.

विणकर ध्यानात ठेवा म्हटलं होतं ते यासाठी. कथा माझी नाही, मित्राने लिहावी. मी फक्त पहिलं पान सांगतो. पाऊस सरला आहे, पांडवलेण्याचा त्रिरश्मी डोंगर अजून हिरवा आहे. श्रेणीचा माणूस 240 कार्षापणांची थैली घेऊन धापा टाकत वर येतो. विनयाप्रमाणे भिक्षूने नाण्याला हात लावायचा नाही, म्हणून तो प्रत्येकाच्या नावाने बारा-बाराची चवड दगडी बाकावर मांडत जातो, आणि त्या त्या चवडीचं कापड आणायला कारभारी बसलेला आहे. एकोणिसाव्या भिक्षूपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग तो थांबतो, ओळीकडे पाहतो, बोटांनी पुन्हा मोजतो. थैलीत बारा उरली आहेत. बाकावर तो त्यांची विसावी चवड रचतो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं आहे. तिकडे कोणी बघत नाही. ज्यांना हात लावायला बंदी आहे असे एकोणीस जण त्या बारा नाण्यांकडे बघत उभे आहेत.